सतरा मैलांचा काठ

सदाशिव पेठेत शिक्षकांच्या एका छोट्या गटाबरोबर मध्यंतरी बसण्याचा योग आला. काही भूगोलाचे शिक्षक होते, काही विज्ञानाचे. महाराष्ट्रातल्या पाच जलाशयांच्या बाह्यरेषा आम्ही कागदावर काढून नेल्या होत्या. नावे मुद्दामच लिहिली नव्हती. कोणते तळे निसर्गाने केलेले आणि कोणते माणसाने, एवढेच ओळखायचे होते. जवळजवळ गोल असलेले लोणार सगळ्यांनी झटकन ओळखले. कोयनेची लांबट आकृतीही ओळखली गेली. गाडी अडली ती नवेगावबांधच्या तळ्यापाशी. आम्ही नाव सांगितल्यावर तर बहुतेकांनी ते ठामपणे ‘नैसर्गिक’ या रकान्यात टाकले. त्यांच्यापैकी एक बाई सहलीला तिथे जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “चहूकडे डोंगर आणि जंगल, हिवाळ्यात हजारो पक्षी. असं तळं कोण बांधणार?”

गावाच्या नावातच ‘बांध’ आहे हे आमच्यापैकी कोणाच्याच तेव्हा लक्षात आले नाही, आमच्याही नाही. ते घरी आल्यावर सुचले.

नवेगावबांध हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले गाव. राज्याच्या नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यात, छत्तीसगडच्या सीमेपासून फारसे दूर नाही. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, त्यापूर्वी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. पुण्याहून जायचे तर महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट गोंदियापर्यंत, जवळपास सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडून जावे लागते, आणि तिथून चांदाफोर्टकडे जाणारी गाडी धरावी लागते. हा दुसरा मार्ग पूर्वी अरुंद पट्ट्यांचा होता. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत या गावाचे नाव आले तर ते वाघाच्या किंवा नक्षलवाद्यांच्या बातमीत येते. तळे आणि त्याच्या काठची माणसे यांचा इतिहास मात्र क्वचितच कुठे वाचायला मिळतो. तो थोडाफार सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी त्या आकृतीचा प्रश्न सोडवू. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरांत नवेगावच्या तळ्याचे क्षेत्र सुमारे पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिला आहे. आजच्या हिशेबात क्षेत्र ११ चौरस किलोमीटरच्या आसपास सांगतात. हे दोन जुने आकडे फळ्यावर लिहा आणि नववी-दहावीच्या मुलांना एक गणित घाला. सतरा मैल परिघाचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ किती? १७ चा वर्ग २८९. त्याला ४π म्हणजे १२.५७ ने भागले की उत्तर येते सुमारे २३ चौरस मैल. प्रत्यक्ष तळे आहे पाच चौरस मैलांचे. म्हणजे तेवढाच काठ गोल तळ्याला असता तर त्यात साडेचारपट पाणी मावले असते. याचा अर्थ काठ फार वेडावाकडा आहे. डोंगरांचे सोंडेसारखे भाग पाण्यात घुसले आहेत आणि पाण्याची बोटे दऱ्यांत शिरली आहेत.

वाहत्या पाण्याने कोरलेल्या दऱ्यांच्या तोंडाशी आडवे काही घातले की असाच आकार तयार होतो. लोणारचा खड्डा उल्केच्या आघाताने झाला, त्यामुळे तिथे काठ गोल. नवेगावला दऱ्या आधीपासून होत्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या. कोणीतरी बुंध्यापाशी बूच मारले आणि पाणी फांद्याफांद्यांतून मागे चढत गेले. कोयनेचा आकार असाच फांद्या फुटलेला आहे, आणि कारणही तेच. (नैसर्गिक दरड कोसळूनही असे तळे होऊ शकते, तेव्हा नुसत्या आकारावरून निकाल देऊ नये, ही सूचना त्या बैठकीतल्या एका शिक्षकांनीच केली. ती रास्त आहे.)

ते बूच कोणी मारले? स्थानिक परंपरा सांगते की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने. पुढे हा कोलू पाटील देव झाला आणि कोलासुर या नावाने त्याची पूजा होऊ लागली. तळ्याभोवतीच्या सात शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांच्या मदतीने पाळ पुरी झाली अशी कथा आहे. ही कथा गमतीदार म्हणून सोडून देऊ नये असे आम्हाला वाटते. डोंगरांनी मदत केली हे अक्षरशः खरे आहे. घेराच्या मानाने पाळ फारच थोड्या लांबीची आहे, बाकीचा काठ डोंगरांनीच दिला. जागा निवडणाऱ्याला हे ठाऊक होते.

इथे विज्ञानाच्या शिक्षकांसाठी एक मुद्दा. “एवढे अकरा चौरस किलोमीटरचे पाणी मातीच्या पाळीने कसे पेलले?” असे मुले हमखास विचारतात. पाण्याचा दाब त्याच्या पसाऱ्यावर अवलंबून नसतो, फक्त खोलीवर असतो. पाळीच्या पायथ्याशी पाणी पाच मीटर खोल असेल तर तिथे दर चौरस मीटरवर पाच टनांचा भार येतो, मग मागे तळे अकरा चौरस किलोमीटरचे असो की शाळेच्या मैदानाएवढे. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या, एक बारीक आणि एक रुंद, सारख्या उंचीवर भोके पाडून शेजारी ठेवल्या की धारा सारख्याच लांब पडतात. पाळ बांधणाऱ्याला पास्कलचे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते. पण पाळ खालच्या बाजूस रुंद ठेवायची, हे त्याला पक्के माहीत होते.

कोहळी कोण?

रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोहळींवर एक टिपण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातली, भंडारा आणि चांदा जिल्ह्यांत राहणारी ही छोटी शेतकरी जात. १९११ च्या शिरगणतीत तिची संख्या २६ हजारांच्या आसपास भरली होती. या खोऱ्यातले मोठाले तलाव बांधणारे लोक, अशीच त्यांची ओळख करून दिली आहे. धान आणि ऊस ही त्यांची पिके, त्यातही ऊस आवडीचा. नवेगावखेरीज सिवनी आणि सिरेगाव इथले तलावही त्या काळी नावाजलेले होते.

स्वतः कोहळी काय सांगत? चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला होता, तिथले तलाव आणि शेती पाहून त्याने आपल्या पूर्वजांना बरोबर आणले, असे. भंडाऱ्याकडचे कोहळी म्हणत की आपली पहिली वस्ती लांजीला झाली. लांजी म्हणजे आताच्या बालाघाट जिल्ह्यातले गाव, भंडाऱ्याच्या उत्तरेला. थोडक्यात, आम्ही उत्तरेकडून आलो, ही त्यांची आठवण.

इतिहासाच्या शिक्षकांना हे प्रकरण वर्गात वापरण्यासारखे आहे, कारण लगेच दुसरा पुरावा समोर येतो आणि तो उलट दिशेला बोट दाखवतो. कोहळींची भाषा, चालीरीती आणि आडनावे पाहिली तर ती अस्सल मराठी आहेत, असे त्याच ग्रंथात नोंदले आहे. पर्वते, शेंडे, नागपुरे, पुस्तोडे, मुंगूसमारे, हांडीफोडे. मुंगूस मारणाऱ्याचा मुंगूसमारे आणि हंडी फोडणाऱ्याचा हांडीफोडे, यात काशीचे काय आहे? मग काशीची कथा खोटी का? तसेही नाही. उत्तर हिंदुस्थानात कोइरी नावाची बागायती करणारी जात आहे आणि तिच्या नावाचे ‘कोहिरी’ असेही रूप आढळते. काही कुटुंबे उत्तरेकडून आली, इथल्या कुणब्यांत मिसळली आणि शे-दोनशे वर्षांत भाषा पूर्ण बदलली, हेही संभवते. आमचा स्वतःचा कल असा की तलाव बांधण्याची विद्या एका माणसाबरोबर एका दिशेने आली, ही कल्पनाच सोडावी. याच भागातल्या गोंडांनीही तलाव बांधले आहेत. दक्षिणेत तमिळ मुलखात आणि श्रीलंकेत तर हे काम हजार वर्षांहून जुने आहे.

गोंड राजांचे धोरण मात्र निश्चित महत्त्वाचे ठरले. जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सवलतीने द्यायची, अशी चांद्याच्या राजांची रीत होती. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका वस्तीचे नाव आजही तुकूम आहे. राजाने स्वतः खजिन्यातून एक पैसा न घालवता मुलूख वसवला, आणि बांधणाऱ्याला आपल्या घामाचे फळ पिढ्यान्‌पिढ्या मिळण्याची हमी मिळाली.

आमच्या पुण्यात त्याच शतकात वेगळी गोष्ट घडत होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले गेले. पेठांतले हौद भरू लागले. सदाशिवराव भाऊंच्या नावाची ही पेठ वसली वाढली ती त्या सुमारासच. ते काम उत्तम होते आणि शाळांच्या सहली त्याचे उच्छ्वास पाहायला जातात, हेही योग्यच. पण ते सत्तेच्या केंद्राचे काम होते, पैसा आणि कारागीर दोन्ही वाड्यातून येत. नवेगावला वाडा नव्हता.

तळे नेमके काय करी?

पूर्व विदर्भात वर्षाला १३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहराच्या जवळजवळ दुप्पट. मग तलावांची गरजच काय, असे वाटेल. गोम पावसाच्या वेळापत्रकात आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. भारी धान नोव्हेंबरात कापणीला येते. दाणा भरण्याची वेळ सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, म्हणजे हस्त नक्षत्राची. हस्ताचा पाऊस पडला नाही तर हिरवेगार उभे पीक पळंजी होते, लोंबीत नुसते फोलपट. तलाव हा त्या तीन-चार आठवड्यांसाठी आहे.

खाली खडक आहे फार जुना, नीस आणि ग्रॅनाइटच्या जातीचा, काही ठिकाणी क्वार्टझाइटच्या टेकड्या. भेगांखेरीज पाणी मुरायला जागा नाही. विहिरीला हे वाईट, तलावाला चांगले.

आता हिशेब करू. एक चौरस किलोमीटर डोंगरउतारावर १३०० मिलीमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी झाले १३ लाख घनमीटर. त्यातले ४० टक्के वाहून तलावात आले असे धरू. ५ लाख २० हजार. त्यातले दोन तृतीयांश बाष्पीभवन, पाझर, गुरे, मासे आणि तळाशी राखलेल्या साठ्यासाठी सोडून देऊ. उरले सुमारे १ लाख ७० हजार. धानाला शेवटी दहा दहा सेंटीमीटरच्या दोन पाळ्या द्यायच्या तर हेक्टरी २००० घनमीटर लागते. म्हणजे ८५ हेक्टर धान वाचले. हे आकडे आम्ही ढोबळ धरले आहेत, मुलांनी आपल्या गावचा पाऊस आणि उतार घालून ते बदलावेत. पण एवढे दिसते की धान वाढवण्याचे बहुतेक काम पाऊसच करतो, तलाव फक्त शेवटची खिंड लढवतो. मोठ्या धरणाच्या कालव्याची आणि या तलावाची तुलना करताना लोक नेहमी हे विसरतात, आणि मग तलाव ‘अकार्यक्षम’ ठरतो.

पाळीतून पाणी सोडण्याच्या रचनेला तिकडे ‘तुडूम’ म्हणतात. पाळीच्या आतल्या अंगाला एकाखाली एक भोके आणि त्यांना बुचे. पाणी जसे खाली जाईल तसे एकेक बूच काढत यायचे. म्हणजे नेहमी वरच्या थराचे पाणी बाहेर जाते आणि बूच काढणाऱ्याला फार दाबाशी झगडावे लागत नाही. जादा पाणी जाण्याची वाट, तिला ‘सलंग’ म्हणतात, ती मातीच्या पाळीवरून कधी काढायची नाही. बाजूला जिथे डोंगराचा मूळ खडक लागतो तिथून काढायची. मातीवरून पाणी एकदा वाहिले की पाळ काही तासांत जाते. समपातळी मोजायला दुर्बीण नव्हती. आमचा तर्क असा की दोन-तीन पावसाळे ओढ्याचे पाणी कुठवर चढते हे पाहूनच रेषा ठरत असावी. १८६७ सालच्या भंडाऱ्याच्या सेटलमेंट रिपोर्टात कोहळींच्या या कामाची दखल घेतली गेली, ती अर्थातच सारावसुलीच्या संदर्भात. तलाव म्हणजे खात्रीचा सारा.

याच सेटलमेंटने काठावरच्या समाजाची घडी बदलली. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या पाटलांना गावाचे मालक ठरवले. त्यांना मालगुजार म्हणू लागले. गोंड राजांच्या वेळी तलाव बांधणारा हा सवलतीचा धनी होता, आता तो कायद्याने मालक झाला. तलाव ‘मालगुजारी तलाव’ झाले. गावकऱ्यांचे हक्क, पाणी, गुरे पाजणे, लाकूडफाटा, हे ‘निस्तार’ या नावाखाली वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात नोंदले गेले. ढिवर मासे धरीत आणि शिंगाडा लावीत, त्यातला वाटा मालगुजाराला देत. दरवर्षी उन्हाळ्यात पाळीवर माती चढे, पाट साफ होत, गाळ शेतात जाई.

हे काम कोण करी? इथे आम्हाला जरा थांबावेसे वाटते. अलीकडे पारंपरिक पाणीव्यवस्थेबद्दल लिहिणारे बरेच जण ‘गावाने मिळून केले’ असे लिहितात. गाव मिळून काम करी हे खरे, पण त्या मिळण्यात बिगारही होती. पाळीवर टोपली वाहणारा गोंड, ढिवर किंवा महार आणि पाळीवर उभा राहून देखरेख करणारा पाटील यांना तलावातून सारखे काही मिळत नव्हते. ज्याची शेती तलावाखाली नाही त्याने मातीची टोपली का वाहायची? वाहिली नाही तर काय होईल हे त्याला ठाऊक होते, म्हणून. पाळ टिकली हे जसे खरे, तसे ती कशाच्या जोरावर टिकली हेही खरेच.

३१ मार्च १९५१

मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालकी हक्क सरकारकडे गेले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही अशा खासगी जमिनीतल्या लहान बोड्या जुन्या मालकांकडे राहिल्या. मोठे तलाव सरकारचे झाले. पूर्व विदर्भात आज ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून नोंदलेल्या तलावांची संख्या सात हजारांच्या घरात आहे. त्यातले बरेच जुने दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे असावेत.

मालगुजारी जायलाच हवी होती याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण कायद्याने हक्क सरकारकडे घेतले तेव्हा दर उन्हाळ्याचे काम कोणाकडे घेतले? कागदावर, पाटबंधारे खात्याकडे. जिल्हा परिषदा १९६२ साली आल्या तेव्हा लहान तलाव त्यांच्याकडे गेले. तलावाखालची जमीन महसूल खात्याची, पाणी पाटबंधाऱ्याचे किंवा जिल्हा परिषदेचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याच्या देखरेखीखाली, आणि काठचे जंगल वनखात्याचे. पाणी आता सरकारचे म्हणून पाणीपट्टी आली. शेतकरी म्हणाले, आमचा निस्तार आहे, पट्टी कसली? पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही. यावर वर्षानुवर्षे वाद चालले. दरम्यान गाळ साचत राहिला. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या तळात गाळपेर होऊ लागली आणि ज्याने तिथे पेरले त्याला तलाव पूर्ण भरू नये असे वाटू लागले. कोणीतरी रात्री बूच काढून ठेवी. हे आम्ही एका वेगळ्याच गावी ऐकले, सांगणारा हसत सांगत होता.

अमेरिकेत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एक निबंध लिहिला. सर्वांच्या मालकीची कुरणे शेवटी उजाड होतात, म्हणून ती सरकारकडे द्या नाहीतर खासगी करा, असा त्याचा आशय. तो जगभर गाजला. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र प्रत्यक्ष उदाहरणे तपासली. स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची जंगले, स्पेनचे आणि फिलिपीन्सचे पाट. सामाईक गोष्टी शतकानुशतके टिकवणारे गट आहेत आणि त्यांच्यात काही नियम समान आहेत, असे त्यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात दाखवले. वापरणारा कोण हे ठरलेले असते, आणि ज्याला लाभ जास्त त्याला श्रमही त्या प्रमाणात असतात. नियम वापरणारेच करतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. भंडाऱ्याचे प्रकरण या दोघांच्याही चौकटीत नीट बसत नाही, म्हणूनच ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. इथे मालक होता, बिगार होती, आणि तरी निस्तारही होता. नंतर सरकार आले आणि हार्डिन म्हणत होते त्यातला एक उपाय झाला. तलाव गाळाने भरला तो त्यानंतर.

माशांचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. तलावांत मरळ, शिंगी, वाम असे कितीतरी जातींचे स्थानिक मासे होते. उत्पादन वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचे बोटुकले सोडण्याचा कार्यक्रम आला. त्यांच्याबरोबर परदेशी कार्पही. त्यातला गवत्या कार्प हा मासा भारतात १९५९ साली आणला गेला. तो पाणवनस्पती खातो, नावातच आहे ते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या बुडत्या वनस्पतींच्या पानांवर शेवाळ वाढते, त्यावर किडे, त्यांवर पिल्ले. काही मासे अंडी तिथेच चिकटवतात. झुडूप साफ झाले की घर गेले. दुसऱ्या बाजूने काठावर बेशरम पसरली. ही उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली झुडपे, गुरे खात नाहीत, तोडली तरी फुटतात. बोटुकले दरवर्षी विकत आणावे लागते. स्थानिक मासा फुकट येत होता.

हे सगळे विज्ञान ढिवरांना ठाऊक होते, फक्त ते लिहिलेले नव्हते. त्यातले काही लिहिले गेले त्याचे श्रेय मारुती चितमपल्ली यांना. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले, आणि त्या वर्षांवर ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. २०२५ साली ते गेले. त्यांचे तिथले गुरू म्हणजे माधवराव पाटील डोंगरवार, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातले. पक्षी, मासे, झाडे यांची चालती-बोलती संहिता. चितमपल्लींच्या वाचकांना माधवराव परिचित आहेत, पण ते मूळचे पाणीवाले घराणे, हा धागा वाचताना निसटतो. पाळ राखणाऱ्या माणसाला पाणी कधी गढुळते, मासा कधी काठाला येतो, बदके कोणत्या अंगाला उतरतात, हे कळणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

तळ्याभोवतीचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात गेले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आजही हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर दिसतात. उत्तरेकडून माणसेही पुन्हा एकदा आली. जवळच्या इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावला, १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. नॉर्ग्येलिंग तिचे नाव. ज्यांचे पूर्वज काशीहून आले असे म्हणत त्यांच्या शेजारी, काशीच्याही पलीकडून आलेली माणसे धानाची शेती करू लागली. त्यांची मुले मराठी बोलतात. दोनशे वर्षांनी कोणी त्यांची आडनावे तपासून मूळ शोधील तेव्हा त्याचीही अशीच पंचाईत होणार.

गेल्या दोन-तीन दशकांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था या तालुक्यात ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर काम करते आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायची. मग तळाच्या चिखलात दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती हाताने लावायच्या, भाताची रोवणी करतात तशा. कोणती वनस्पती किती खोलीवर लावायची हे ढिवरच ठरवतात. यात स्त्रिया पुढे आहेत. पूर्वी त्या मासे विकत, तलावाविषयीच्या बैठकीत त्यांना बोलावले जात नसे. काही वर्षे स्थानिक माशांची मासेमारी पावसाच्या सुरुवातीला बंद ठेवायची, असेही गटांनी आपसांत ठरवले. ज्या तलावांत हे केले तिथे देशी मासा परत आला, असा त्यांचा अनुभव आहे.

अडचण आहे ती मुदतीची. सहकारी संस्थेला तलाव ठेक्याने मिळतो, काही वर्षांसाठी. वनस्पती रुजून मासा परतायला तीन-चार पावसाळे जातात. गाळ काढायचा तर त्याहून मोठे काम, आणि त्याचा लाभ खालच्या धानवाल्याला, श्रम वरच्या ढिवराला. सरकारने गेल्या काही वर्षांत मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीसाठी योजना आणल्या, यंत्रे लावून गाळ काढला. यंत्राने काढलेला गाळ आणि दर उन्हाळ्याची टोपली यांत फरक आहे. यंत्र येते, जाते. पुढच्या वर्षी सलंगाचा दगड ढासळला तर कोणी पाहायचे हा प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर १९५१ पासून कोणी लेखी दिलेले नाही.

पुण्यातल्या शिक्षकांसाठी एक काम सुचवून थांबतो. आपले विद्यार्थी सुट्टीत गावी जातात. तिथल्या तळ्याची बाह्यरेषा तालुक्याच्या नकाशावरून दोऱ्याने मोजा, क्षेत्रफळ आलेख कागदावरचे चौकोन मोजून काढा, आणि वर केले तसे गुणोत्तर काढा. मग तलाठ्याकडे जाऊन त्या तळ्याचा सातबारा पाहा. मालक म्हणून कोणाचे नाव आहे, इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिले आहे, आणि विदर्भातले गाव असेल तर निस्तार पत्रकात त्या तळ्याची नोंद आहे का, ते उतरवून आणा. शेवटी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाळीवर माती शेवटची कधी पडली आणि ती कोणी टाकली. आमच्या गटातल्या त्या सहलीला जाऊन आलेल्या बाईंनी हे आपल्या सासरच्या गावी, साताऱ्याकडे, करून पाहिले. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना एका दिवसात मिळाली. चौथ्यासाठी दोन आठवडे लागले, आणि तीन माणसांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली.